गाडीच्या सांदीकोपऱ्यातलं किटण घरच्या घरी कसं काढावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नऊ वर्षं जुनी हॅचबॅक घेतली, नागपुरात मानेवाड्याला राहता, गाडी अंगणाबाहेर कडुनिंबाखाली उभी असते. वॉशिंग सेंटरला धुऊन आणली की बाहेरून चकाचक दिसते, पण दार उघडलं की बिजागरीपाशी काळं किटण, सीटखालच्या पट्ट्यांवर चिकट थर, एसीच्या जाळीत धूळ. शिवाय जोराचा पाऊस झाला की डावीकडची मॅट ओलसर होते आणि कुबट वास येतो. घरी काय करता येईल आणि कशाला हात लावू नये, हे तुम्हाला हवंय.

ओल्या मॅटचं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करतो. बाकीचं किटण डोळ्यांना खुपतं, हे मात्र गाडीचा पत्रा खातं.

समोरची काच बोनेटला जिथं भेटते तिथं, वायपरखाली, काळ्या प्लॅस्टिकची जाळी दिसेल. गॅरेजात तिला काऊल म्हणतात. काचेवरचं पावसाचं पाणी या जाळीतून खालच्या पन्हळीत उतरतं आणि टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडतं. एसीचा ब्लोअर बाहेरची हवाही इथूनच ओढतो, आणि आपल्याकडच्या गाड्यांत तो बहुतेक वेळा डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. भोकं बुजली की पन्हळीत पाणी चढतं, हवेच्या तोंडातून आत शिरतं आणि डावीकडे बसणाऱ्याच्या पायाखाली उतरतं. कडुनिंबाची आणि गुलमोहराची पानं इतकी बारीक असतात की जाळी त्यांना अडवतच नाही. त्यात दसऱ्याला बोनेटवर घातलेल्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या आणि दोरा. हे सगळं फुफाट्यात मिसळून आत कुजतं आणि काळा गाळ होऊन बसतं.

बोनेट उघडा, हाताला पोचेल तेवढा पाचोळा उचला, उरलेला व्हॅक्यूमच्या निमुळत्या तोंडाने ओढून घ्या. मग एक लोटा पाणी पन्हळीच्या एका टोकाला बारीक धारेनं सोडा आणि घरच्या कुणाला तरी चाकाच्या मागे वाकून बघायला सांगा. पाणी लगेच खाली पडायला लागलं तर ती बाजू मोकळी आहे. मग दुसरं टोक. पाणी वर साचून राहिलं तर प्लॅस्टिकच्या लांब केबल टायचं टोक भोकात हलकेच फिरवा. लोखंडी तार घालू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो. प्रेशरचं पाणीही मारू नका, गाळ आणखी आत जाऊन बसेल. जाळी पूर्ण काढायचा मोह होईल, पण नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षं तापलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा कडक होतात आणि ओढल्या की तुटतात. गाळ वरून निघत नसेल तरच जाळी काढायची, आणि ती गॅरेजवाल्याकडून.

ओल्या मॅटचं दुसरंही एक कारण असतं: एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबणं. ते असं ओळखायचं. पाऊस नसलेल्या पण दमट दिवशी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, एसी लावून गाडी दहा-पंधरा मिनिटं सुरू ठेवा. गाडीखाली पाणी टपकलं पाहिजे. टपकत नसेल आणि मॅट ओली होत असेल तर नळी तुंबली आहे. मे महिन्यात ही चाचणी करू नका. तेव्हा आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणीच फार निघत नाही, आणि चांगली नळीसुद्धा तुंबल्यासारखी वाटते.

पाण्याची वाट मोकळी झाली की मॅट काढून खालचं कार्पेट उचलून बघा. त्याच्याखाली फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो आणि पाणी धरून ठेवतो तो हाच. वरून हात लावला तर कोरडं लागतं, मुठीत दाबलं तर बोटं ओली होतात. दारं उघडी टाकून, कार्पेटखाली लाकडी ठोकळा सरकवून, पंखा लावून तो पूर्ण वाळवा. तोवर कुठलाही सुगंधी स्प्रे मारून उपयोग नाही.

आता किटणाकडे. सांदीकोपऱ्यातला मळ घासून निघत नाही, तो भिजवून सैल करावा लागतो आणि मग बाहेर ओढावा लागतो. दूध करपलेलं पातेलं आपण आधी पाणी घालून ठेवतो, तसंच. कोरड्यावर ब्रश चालवला तर मळ फटीत खोल जातो आणि रंगावर ओरखडे उठतात. नागपुरात हे जास्त सांभाळावं लागतं. सिमेंटच्या रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ आहे, कोराडी-खापरखेड्याकडे राहणाऱ्यांच्या गाड्यांवर तिथल्या वीज केंद्रांच्या राखेचा थर असतो. या राखेत सिलिका असते, म्हणजे कोरड्या फडक्याखाली ती पॉलिश पेपरचं काम करते. आणि शहराबाहेर पडलं की काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, फटीत गच्च बसते आणि वाळली की दगड होते.

सामान फार लागत नाही. गाडीचा साधा शॅम्पू, एखादं ऑल पर्पज क्लीनर, चार-पाच मायक्रोफायबर फडकी, मऊ केसांचे एक इंची दोन रंगकामाचे ब्रश, जुने टूथब्रश, बांबूच्या काड्या, आइस्क्रीमच्या चपट्या काड्या आणि व्हॅक्यूम. ब्रश इतवारीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्यांच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर ती पट्टीच रंगाला चरे पाडते. क्लीनर आतल्या प्लॅस्टिकसाठी एकाला दहा पाणी, चाकांच्या कमानीसाठी एकाला चार. याहून घट्ट करून मळ लवकर निघत नाही, प्लॅस्टिक मात्र पांढरं पडतं.

दारापासून सुरू करा. बिजागरी आणि दार अडवणारी पट्टी, जिला मेकॅनिक डोअर स्टॉपर म्हणतात, तिथलं काळं किटण म्हणजे जुनं ग्रीस आणि धूळ. पातळ क्लीनर फवारा, पाच मिनिटं थांबा, ब्रशने गोल फिरवा, फडक्याने टिपून घ्या. पाण्याचा पाइप इथं लावायचा नाही. दाराच्या कडेला लॉक असतं, आत स्पीकर आणि काचेची मोटर. किटण निघालं की बिजागरीला पांढऱ्या ग्रीसचा बारीक ठिपका लावा. हे विसरलात तर आठवड्याभरात दार करकरायला लागेल.

मग दाराच्या खालच्या कडेला वाका. रबराच्या मागे दोन-तीन छोट्या चिरा किंवा भोकं दिसतील. काचेवरून आत उतरलेलं पाणी इथून बाहेर जातं. बांबूच्या काडीचं टोक त्यात जेमतेम शिरेल इतकंच घालून फिरवा. बुजलेलं भोक उघडलं की आधी काळं पाणी टपकतं, मग मातीचा लगदा. जुन्या गाड्यांची दारं खालून का सडतात हे तो लगदा एकदा हातावर घेतला की कळतं.

काचेच्या दोन्ही बाजूंना आणि खाली जी मखमली पट्टी असते, तिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. राख आणि धूळ तिच्यात रुतते आणि काच वर-खाली होताना प्रत्येक वेळी घासली जाते. काचेवर उभ्या बारीक रेघा दिसतात त्या याच्याच. काच पूर्ण खाली करा, एका जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाला ओलसर मायक्रोफायबर गुंडाळा आणि पट्टीतून एकाच दिशेने, वरून खाली, ओढा. फडकं उलटा, पुन्हा ओढा. पहिल्या दोन-तीन खेपांना फडकं मातीच्या रंगाचं येईल. स्वच्छ यायला लागलं की थांबा. सिलिकॉन स्प्रे मारायचा तर फडक्यावर घेऊन, थेट पट्टीत नको.

दाराचं रबर बीडिंग बोटाने उलटवून आतली घडी पुसा. केरोसीन किंवा पेट्रोलने रबर चमकतं असं पुष्कळजण सांगतील. ते रबराला फुगवतं आणि नंतर भेगा पडतात. शिवाय मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा बंद गाडीत पेट्रोलची वाफ कोंडणं जिवावरचा खेळ आहे. गाडीच्या आत या दोन्ही गोष्टी आणूच नका.

आतलं काम कोरडं आधी, ओलं नंतर, आणि वरून खाली. एसीच्या जाळीसाठी ब्लोअर बंद ठेवा, एका हातात मऊ ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी अगदी शेजारी. ब्रशने धूळ उडायच्या आत व्हॅक्यूमने ती ओढली पाहिजे. मग काडीला किंचित ओलसर फडकं गुंडाळून एकेक पट्टी पुसा. जाळीत थेट फवारा मारू नका. पाणी मागच्या वायरिंगपर्यंत जाऊ शकतं. शेवटी चारही दारं उघडून ब्लोअर पूर्ण वेगात दोन मिनिटं चालवा. त्याच वेळी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, तोही बघा. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडला की मागे फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो बघूनच नवीन बसवा. तुमच्या गाडीत काऊलचं पाणी आत येत असेल तर फिल्टरही भिजलेला असणार. तो झटकून परत घालू नका, बदला.

सीटखालच्या पट्ट्या. सीट पूर्ण मागे करा, समोरचा भाग स्वच्छ करा, मग पूर्ण पुढे करून मागचा. चिकट थरात केस, धागे, नाणी, शेंगदाण्याची टरफलं सगळं सापडतं. आधी व्हॅक्यूम, मग चपट्या काडीला फडकं गुंडाळून पट्टीची खाच ओढून काढा. राहिलेल्या किटणाला टूथब्रशवर थोडं क्लीनर. पुसून झालं की पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: सीटखाली पिवळ्या रंगाची वायर किंवा पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचं असतं. ते ओढायचं नाही, भिजवायचं नाही, काढून बघायचंही नाही. त्याच कारणाने सीट काढून धुण्याचं काम घरी करू नये.

सीटबेल्ट हळू परत जातो का, बघा. बहुतेकांना वाटतं की आतली स्प्रिंग ढिली झाली. पुष्कळ वेळा दोष खांबावरच्या त्या कडीचा असतो जिच्यातून पट्टा ओवलेला असतो. घाम, केसांचं तेल आणि धूळ मिळून कडीच्या आतल्या बाजूला मेणासारखा थर धरतो आणि पट्टा तिथं अडकतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, परत जाऊ नये म्हणून वर चिमटा लावा, शॅम्पूच्या कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कडीतून मागे-पुढे ओढा. पट्टाही त्याच फडक्याने धाग्यांच्या दिशेने पुसा. ब्लीच किंवा तीव्र केमिकल नको, धाग्यांची ताकद जाते. पट्टा पूर्ण सुकेपर्यंत चिमटा काढू नका. ओला पट्टा आत गुंडाळला गेला तर बुरशी धरतो.

गिअरच्या बाजूची फट आणि कपहोल्डर यांची गोष्ट वेगळी, कारण तिथं खाणं सांडतं. सकाळी गाडीतच तर्री-पोहे खाणारे आपण, किंवा सावजीच्या रस्स्याचा डबा घरी नेताना वळणावर कलंडतो. तर्रीत तेल असतं आणि हळदही. तेलाला भांड्याचा साबण पातळ करून चालतो. पण साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, आणि लोक घाबरून आणखी घासतात. घासू नका. साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा, डाग पुन्हा पिवळा होईल, मग ती जागा काही दिवस उन्हाला येऊ द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो. नागपुरात उन्हाची कमतरता नाही.

जुन्या मालकाने लावलेल्या स्टिकरचा गोंद आणि पत्र्यावरचे डांबराचे ठिपके यांना संत्र्याची साल चांगली. सालीतल्या तेलात लिमोनीन असतं, तेच बाजारातल्या पुष्कळ गोंद काढणाऱ्या द्रावणांत असतं. हंगामात ताजी साल दुमडून गोंदावर पिळा, मिनिटभराने फडक्याने काढा आणि शॅम्पूच्या पाण्याने धुवा. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकवर किंवा लाइटच्या काचेवर मात्र वापरू नका. हे तेल काही प्लॅस्टिकना मऊ पाडतं.

आता बाहेर, चाकांच्या कमानी. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या चाकाच्या मागे हात जाईल. हातमोजा घाला आणि मडगार्डची आत दुमडलेली कड चाचपून बघा. बोटांना मातीचा कठीण कंगोरा लागेल. ती आपली काळी माती, आणि ती पत्र्याला लागून महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. मडगार्डला बुडबुडे येऊन गंज फुटतो तो याच कडेतून. प्रेशरने उडवायला गेलात तर वरचा पापुद्रा उडेल आणि तळ तसाच राहील. पाइपची मंद धार कडेवर सोडा, पंधरा मिनिटांनी पुन्हा सोडा, माती फुगून सैल झाली की बोटाने किंवा लाकडी चपटीने सरकवून काढा. मग स्वच्छ पाणी. मागच्या बंपरच्या आतल्या कोपऱ्यांनाही हेच. समृद्धी महामार्गाने लांब जाऊन आलात तर समोरच्या ग्रिलवरच्या किड्यांना ओलं फडकं दहा मिनिटं चिकटवून ठेवा, सोलल्यासारखे निघतात. वाळू देऊ नका, त्यांचा रस रंगात उतरतो.

चाकांवरची तपकिरी पूड ही ब्रेकमधून झिजलेलं लोखंड असतं. चाक गार असताना, शॅम्पू आणि मऊ ब्रशने आऱ्यांच्या मागची बाजू आणि नटांची भोकं स्वच्छ करा. शॅम्पूने न निघालेल्या ठिपक्यांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. सावलीत वापरा आणि वाळायच्या आत धुवा. फरशीचं ॲसिड अलॉयला लावू नका. एका धुण्यात चकाकतं आणि नंतर पापुद्रे सुटतात.

बोनेटखाली कमीत कमी पाणी. इंजिन पूर्ण गार, किल्ली काढलेली, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. कोरड्या ब्रशने आणि हवेने धूळ काढा, मग ओलसर फडकं. बॅटरी, फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि हवेच्या फिल्टरचं तोंड यांच्याजवळ पाणी नको. एक अपवाद आहे, एसीचा कंडेन्सर. रेडिएटरच्या पुढे जी बारीक पाकळ्यांची जाळी दिसते ती. उन्हाळ्यात एसी थंड करत नाही म्हणून लोक गॅस भरायला धावतात, आणि इथं पाकळ्यांत किडे, कापूस आणि धूळ गच्च बसलेली असते. साध्या पाइपने, बोट न लावता, सरळ समोरून मंद धार सोडा. प्रेशर वॉशरने त्या पाकळ्या आडव्या होतात आणि मग हवा जाणंच बंद होतं. घासायचं असेल तर मऊ ब्रश, पाकळ्यांच्या दिशेने.

पाण्याबद्दल. घरी बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं, आणि फटींत राहिलेला थेंब वाळला की पांढरा क्षार मागे ठेवतो. आरसे, हँडल, नावाची अक्षरं, डिक्कीचं बीडिंग इथून धुतल्यानंतरही पाणी झिरपत राहतं. धुणं सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, शेवटचं पाणी नळाचं घ्या आणि गल्लीत एक चक्कर मारून परत या. हलल्यावर फटींतलं पाणी बाहेर येतं, ते टिपा. क्षार बसलेलाच असेल तर व्हिनेगर निम्मं पाणी घालून फडक्यावर घ्या, गार पत्र्यावर मिनिटभर ठेवा, लगेच धुवा.

एका दिवसात हे सगळं करायला जाऊ नका. पाऊस सुरू आहे, म्हणून पहिल्या रविवारी फक्त काऊल, दारांची भोकं आणि ओलं कार्पेट. दुसऱ्या रविवारी आतलं. कमानी आणि चाकं पाऊस ओसरल्यावर केली तरी चालतील, माती तोवर ओलीच असते आणि सहज निघते. काऊल मोकळा करूनही मॅट ओली होत असेल तर समोरच्या काचेचं सील तपासावं लागेल, आणि ते काम काच बसवणाऱ्या माणसाचं आहे. त्याला गाडी दाखवताना कार्पेट उचलून ओल कुठून सुरू होते ते आधी खडूने खूण करून ठेवा, त्याचा अर्धा वेळ वाचेल.